स्टेपनी की पंक्चर किट? नागपूरकर गाडीवाल्यांसाठी निवडीचं आणि वापराचं मार्गदर्शन

गाडीची डिक्की उघडा, तळाचा गालिचा उचला आणि खाली काय आहे ते आधी बघून घ्या. पूर्ण आकाराचं चाक असेल, नेहमीपेक्षा बारीक चाक असेल, नाहीतर थर्माकोलच्या साच्यात बसवलेला छोटा कॉम्प्रेसर आणि पांढरट द्रवाची बाटली असेल. इलेक्ट्रिक आणि काही सीएनजी गाड्यांत हा तिसरा प्रकार आता बराच दिसतो, कारण चाकाची जागा बॅटरीने किंवा सिलिंडरने घेतलेली असते. कायद्यालाही ते मान्य आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. चालकासह नऊपर्यंत सीट आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

कायद्यात बसतं म्हणून ते तुमच्या रस्त्यावर पुरेल असं मात्र नाही. किट फक्त एका प्रकारची इजा दुरुस्त करतं. स्टेपनी कुठल्याही इजेवर चालते, पण एकदाच, आणि तिच्यात हवा असेल तरच. निवड करताना या दोनच गोष्टी तोलायच्या आहेत.

किट कुठे चालतं, कुठे हात टेकतं

टायरचा जो पट्टा जमिनीला टेकतो, ज्याच्यावर नक्षी असते, त्यातलं सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक किटने बंद होतं. खिळा, स्क्रू, बाभळीचा काटा, बांधकामावरची बाइंडिंग तार ही सगळी याच मापात येतात. शहरातली बरीचशी पंक्चरं अशीच असतात.

टायरची कड, म्हणजे नक्षी संपून रिमपर्यंत जाणारी बाजू, चिरली की किट निरुपयोगी आहे. तिथे आतमध्ये पोलादी पट्टे नसतात, नुसते दोरे आणि पातळ रबर असतं. चाक फिरताना हा भाग दर फेरीला वाकतो आणि सरळ होतो. त्यात घातलेली दुरुस्तीची रबरी पट्टी ढिली होते आणि एका झटक्यात सगळी हवा जाते. कडेला आलेला फुगा हीही तीच गोष्ट. आतले दोरे तुटलेले असतात, हवा अजून गेलेली नसते एवढंच. खड्ड्यात आदळून रिम वाकली, व्हॉल्व्ह बुडापासून तुटला किंवा टायर फुटून चिंध्या झाला, तरी बाटली आणि पट्ट्या कामाच्या नाहीत.

हवा गेलेल्या चाकावर गाडी अर्धा-एक किलोमीटर जरी रेटली, तरी मूळचं साधं पंक्चर असाध्य होतं. रिम आणि रस्त्याच्या मध्ये कड चेंगरते, आतलं रबर भुकटीसारखं सुटतं. टायर उतरवल्यावर आत काळी भुकटी निघाली तर तो टायर गेलाच म्हणून समजा. म्हणून ‘अजून थोडं पुढे जाऊ, टपरी येईलच’ हा विचार किटवाल्या गाडीत फार महाग पडतो. स्टेपनी असली तर निदान चाक बदलून पुढे जाता येतं.

तुमची गाडी कुठे फिरते?

घर-ऑफिस-शाळा, म्हणजे बर्डी, सदर, प्रतापनगर, मनीषनगर, फार तर मिहान, एवढंच फिरणं असेल तर चांगलं किट पुरतं. टायरवाला दर दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि हवा भरून तिथपर्यंत पोचणं एवढंच किटचं काम. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांना लोखंडी कीस आणि तुकड्यांचा त्रास जास्त, पण तीही नक्षीतलीच पंक्चरं. तिथेही किट चालतं.

रिंग रोड ओलांडून नेहमी बाहेर जात असाल तर स्टेपनी हवीच. हे मत ठाम आहे आणि त्याची कारणं रस्त्यागणिक वेगळी आहेत.

समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो, लांबी ७०१ किलोमीटर, आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. काँक्रीटचा सरळ रस्ता, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि तासन्‌तास एकसारखा वेग यांत कमी हवेचा टायर आतून तापतो, कारण हवा कमी तितकी कड जास्त वाकते आणि वाकण्यातूनच उष्णता तयार होते. असा टायर पंक्चर होत नाही, फुटतो. फुटलेल्या टायरवर किट चालत नाही. दोन इंटरचेंजच्या मध्ये टायरवालाही भेटत नाही.

मनसर-खवासा, उमरेड-भिवापूर, चंद्रपूरहून मोहर्लीकडे, हे जंगलातून जाणारे पट्टे. इथे रात्री गाडीबाहेर वीस मिनिटं चाक बदलत बसणं धोक्याचं आहे. अशा वेळी स्टेपनीपेक्षा कॉम्प्रेसर आधी उपयोगी पडतो. हवा हळू जात असेल तर चार-पाच मिनिटांत ती भरा आणि वस्तीपर्यंत, ढाब्यापर्यंत, वनखात्याच्या नाक्यापर्यंत निघा. चाक तिथल्या उजेडात बदला.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, कुही भागातल्या शेतरस्त्यांवर बाभळीचे काटे. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून नेताना रस्त्यावर गळतात. काटा आत घुसून मोडतो, बाहेरून दिसतही नाही, आणि हवा दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरते. एकाच चाकात तीन काटे, शेजारच्या चाकात दोन, असंही होतं. इथे एकुलती स्टेपनी अपुरी पडते आणि पट्ट्यांचं किट कामाला येतं. गावाकडे शेती असलेल्यांनी दोन्ही ठेवावं.

किट घ्यायचं तर कोणतं

कंपनी देते ते सीलंटचं, म्हणजे भोक बुजवणाऱ्या पांढरट द्रवाचं किट. बाजारात मिळतं ते पट्टीचं किट, ज्याला टायरवाले ‘स्ट्रिप’ म्हणतात. दोन्हींत पट्टीचं किट सरस आहे. दुरुस्ती जास्त टिकते, टायर आतून घाण होत नाही, आणि एका डबीतून दहा-बारा पंक्चरं निघतात. सीलंटची बाटली एकदाच वापरता येते. तिच्यावर मुदत छापलेली असते, साधारण चार-पाच वर्षांची. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आतला पारा ६० अंशांच्याही वर जातो, आणि बाटलीतला रबरी द्रव घट्ट व्हायला ते पुरेसं आहे. बाटलीवरची तारीख उलटलेली असेल तर ती भरवशाची नाही. तारीख उरलेली असली तरी हलवून बघा. आतला द्रव खळखळला पाहिजे. गोळा आदळल्यासारखं वाटलं तर बदला.

पट्टीच्या किटमध्ये चार गोष्टी लागतात. पिळाची खरबरीत सळई, म्हणजे रीमर. फटीच्या तोंडाची सुई. चिकट रबरी पट्ट्या. रबर सोल्यूशनची ट्यूब. मुठी इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या आणि धातूच्या घ्या. प्लास्टिकची मूठ जोर लावताना सुटते आणि सुई तळहातात घुसते. बाजूला एक चांगली पक्कड, एक कटर आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली ठेवा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते, त्यामुळे बंद ट्यूब वेगळी ठेवा.

पट्टी लावायची पद्धत अशी. आधी चाकात हवा भरा, अगदी २५-३० पीएसआयपर्यंत, कारण मऊ टायरमध्ये सुई घुसत नाही, टायरच आत दबतो. साबणाचं पाणी ओतून भोक शोधा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की जागा हाताशी येते, बऱ्याचदा जॅकचीही गरज लागत नाही. खिळा पकडीने ओढताना तो कोणत्या कोनात गेला होता ते लक्षात ठेवा. रीमर त्याच कोनात घालायचा. पाच-सहा वेळा फिरवत आत-बाहेर करा. इथे हात आखडू नका. भोक मोठं होईल या भीतीने रीमर अर्धवट फिरवला, तर पोलादी तारांची टोकं आत राहतात आणि पुढे तीच पट्टी कापतात.

पट्टी सुईत मधोमध ओवा, सोल्यूशन लावा आणि जोर देऊन आत ढकला. दोन्ही टोकं सुमारे दीड सेंटिमीटर बाहेर राहिली की थांबा. आता सुई न फिरवता सरळ, झटक्यात बाहेर खेचा. फिरवली तर पट्टीही तिच्याबरोबर येते. बाहेरची टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, ओढून ताणू नका. पुन्हा साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येत असतील तर त्याच भोकात दुसरी पट्टी घाला. दोन पट्ट्यांनीही थांबलं नाही तर भोक किटच्या मापाबाहेरचं आहे.

सीलंटच वापरायचं असेल तर क्रम उलटा. खिळा काढायचा नाही, तो बुचाचं काम करतो. गाडीचं इंजिन सुरू ठेवा, इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवा, म्हणजे छोटी बॅटरी उतरणार नाही. बाटली हलवून कॉम्प्रेसरला जोडा आणि नळी व्हॉल्व्हला घट्ट बसवा. सुरुवातीला दाबाचा काटा एकदम वर चढतो. तो द्रव नळीतून जातानाचा दाब असतो, त्यावर विसंबू नका. दहा मिनिटांत २६ पीएसआय झाले नाहीत तर कॉम्प्रेसर बंद करा. भोक मोठं आहे, आणि कॉम्प्रेसर पुढे चालवला तर तोच जळतो. दाब आला की लगेच निघा. चाक फिरल्याशिवाय द्रव आत सगळीकडे पसरत नाही, एका जागी साचतो. चार-पाच किलोमीटरवर थांबून दाब बघा. १९ पीएसआयच्या खाली असेल तर पुढे जायचं नाही. वर असेल तर दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरा आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवून थेट टायरवाल्याकडे. त्याला टायर उतरवायच्या आधीच सांगा की आत सीलंट आहे. न सांगता टायर उघडला की ते सगळं त्याच्या अंगावर येतं. रिममध्ये बसवलेला दाबाचा सेन्सर लगेच पुसला नाही तर त्याचं भोक बुजतं आणि तो खोटे आकडे दाखवू लागतो.

पट्टी असो की सीलंट, दोन्ही तात्पुरते उपाय. टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. त्याचा देठ भोक भरतो आणि छत्री आतल्या रबराला चिकटते. टायरवाला ‘पट्टी मस्त बसली आहे, राहू द्या’ म्हणाला तर गाडी गावातच चालवायची असल्यास ऐका. समृद्धीवर न्यायची असेल तर पॅचचाच आग्रह धरा.

स्टेपनी नुसती असून भागत नाही

स्टेपनी काढल्यावर तिच्यातच हवा नाही, ही तक्रार टायरवाल्यांकडे नेहमीची. महिन्यातून एकदा चार चाकांबरोबर तिचीही हवा बघा आणि तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवा. काढताना जास्त असलेली हवा सोडता येते, नसलेली आणता येत नाही. बारीक तात्पुरत्या चाकाला कधीकधी ६० पीएसआय लागतात. आकडा त्याच्या कडेवर लिहिलेला असतो. इथे नेहमीचे ३३ भरले तर ते चाक बसून जातं.

तापमानाचा हिशेब नागपुरात खास महत्त्वाचा. दर साडेपाच-सहा अंशांना जवळपास एक पीएसआय फरक पडतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत ३३ भरलेलं चाक डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना २७वर आलेलं असतं, एक थेंब हवा न गळता. दिवाळीनंतर एकदा हवा नक्की बघावी. उलट उन्हाळ्यात लांबून आल्यावर तापलेल्या चाकात ३८ दिसले तरी हवा सोडू नका. ती थंड झाल्यावर कमी पडते, आणि कमी हवेचाच टायर फुटतो.

वयही बघा. कडेवर DOT या अक्षरांपुढे असलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरही कडक होतं, चिरा पडतात. सहा वर्षांनंतर स्टेपनी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांची असेल तर नवीन दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. ज्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली साखळीला टांगलेली असते, तिथे सहा महिन्यांतून एकदा ती खाली उतरवून साखळीला ग्रीस द्या. पावसाळ्यातला चिखल आत वाळतो, यंत्रणा गंजते, आणि ऐन वेळी चाक सुटत नाही.

बारीक चाकावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असेल आणि पंक्चर पुढचं असेल, तर मागचं चांगलं चाक पुढे लावून बारीक चाक मागे घालावं. काम दुप्पट होतं, पण ब्रेक आणि वळणं ताब्यात राहतात. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत वेगळ्या व्यासाचं चाक लांबवर चालवू नका, त्याने डिफरन्शिअल घासतं.

चाक बदलताना

जागा निवडणं हे निम्मं काम. समृद्धीवर वाहनं सेकंदाला ३३ मीटर धावतात. शंभर मीटर मागे त्रिकोण ठेवला तरी येणाऱ्याला फक्त तीन सेकंद मिळतात, म्हणून तिथे तो आणखी मागे ठेवा, बाकीच्यांना कठड्यापलीकडे उभं करा, आणि चाक रस्त्याच्या बाजूचं असेल तर स्वतः बदलू नका. मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा क्रमांक चालतो. समृद्धी राज्याचा रस्ता असल्याने तिथली मदतवाहिनी वेगळी आहे, ती निघण्याआधी मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

विदर्भातली काळी माती ही जॅकची खरी शत्रू. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची माती लोण्यासारखी होते, जॅक वर जाण्याऐवजी जमिनीत जातो. उन्हाळ्यात हीच गत मऊ पडलेल्या डांबराची. डिक्कीत एक फूट बाय एक फूट, १८-२० मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा ठेवा. पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंत यापेक्षा उपयोगी काही नाही. मे महिन्यासाठी जाड हातमोजे ठेवा. दुपारी पाना हातात धरवत नाही.

हँडब्रेक लावा, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावून अडवा. गाडी जमिनीवर असतानाच नट पाव फेरी ढिले करा. वर उचलल्यावर चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरते. जॅक फक्त खुणेच्या जागी लावा. इलेक्ट्रिक गाडीत हे दुप्पट महत्त्वाचं, कारण जागा चुकली तर जॅक थेट बॅटरीच्या तळाला लागतो. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, जॅक सुटला तर गाडी त्याच्यावर टेकेल. नट हाताने सुरू करा, समोरासमोर या क्रमाने आवळा, शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर ४० किलोचा दाब. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या की बोल्टचे आटे जातात. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा. अलॉय चाकांना लॉक नट असेल तर त्याची चावी आजच शोधून जॅकच्या पिशवीत टाका. ती घरी राहिली तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

गाडीत स्टेपनी आलीच नसेल तर

बाहेरून चाक जमवता येतं, पण ‘बसतंय’ एवढं पुरेसं नाही. नटांची संख्या आणि वर्तुळ, मधलं भोक, रिम आत किती सरकते, आणि ब्रेकच्या कॅलिपरला ती घासत नाही ना, हे टायरवाल्याकडे प्रत्यक्ष लावून बघा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. व्यास मूळ चाकाच्या तीन टक्क्यांच्या आत हवा. उदाहरणार्थ १९५/५५ आर १६चा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ही जवळपास तेवढाच भरतो, आणि साध्या पोलादी रिमवर स्वस्त पडतो. मात्र १५ इंची रिम तुमच्या ब्रेकवर बसते का हे लावल्याशिवाय कळत नाही. अलॉयचे नट पोलादी रिमला चालतीलच असंही नाही. बुडाचा उतार वेगळा असेल तर वेगळे नट घेऊन चाकासोबतच ठेवा. जॅक आणि पानाही घ्यावा लागेल, किटवाल्या गाडीत कंपनी ते बहुधा देत नाही.

पंधरा किलोचं चाक डिक्कीत मोकळं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते मागच्या सीटवर आदळतं. रॅचेटच्या पट्ट्याने तळाच्या हुकांना आवळा. रोजच्या शहरी वापरात ते घरी ठेवून, चिखलदरा, रामटेक किंवा मुंबईला निघताना चढवलं तरी चालतं. फक्त निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याची हवा बघा, म्हणजे कमी निघाली तरी टायरवाल्याचं दुकान अजून उघडं असेल.